सिनेमाचा सगळ्यात मोठा काळ कोणता? आधी प्रत्येक काळ त्याच्या वेगाने चालवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या तुमच्या वाचक मंडळात महिन्यातून एकदा सिनेमा दाखवला जातो आणि आता तिथे वाद पेटलाय. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनंतर सिनेमा संपला. साठीच्या आसपासचे 'सामना', 'सिंहासन' सोडायला तयार नाहीत. पोरं 'फँड्री' आणि 'सैराट'वर ठाम आहेत. एक सभासद परदेशी मूकपटांपलीकडे काही मानतच नाहीत. पुढच्या बैठकीत चारही काळांचे तुकडे दाखवून हात वर करून मत घ्यायचं ठरलंय. तुकडे कोणते निवडावेत आणि खरं उत्तर काय, हे तुम्ही विचारलंय.

खरं उत्तर मी देणार आहे, टाळणार नाही. पण आधी एक अडचण सांगतो. तुमच्यासमोर येणार ते काळ नव्हेत, त्या काळांची आज हाती लागणारी प्रत. एकाची प्रत यूट्यूबवरची, चारदा कॉपी झालेली. दुसऱ्याची थेट डिजिटल. अशा स्थितीत हात वर झाले तर ते प्रतीला होतील, काळाला नाही. शिवाय 'मोठा' म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय मत घेण्यात अर्थ नाही. कारागिरी मोजायची, धाडस मोजायचं, की पडद्यावर कोणाला जागा मिळाली ते मोजायचं? मोजमाप बदललं की उत्तर बदलतं. म्हणून मीही दोन उत्तरं देणार आहे.

पहिली गोष्ट उरलेल्या सिनेमांची. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले. आज त्यातले तीसेक हाती आहेत आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांत. दादासाहेब फाळक्यांनी नव्वदहून अधिक चित्रपट केले, बघायला मिळतात ते बोटांवर मोजण्याइतके. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश', ज्यात तरुण शांताराम कर्जात बुडालेला शेतकरी झाले होते, आज उपलब्ध नाही. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) सुद्धा नाही. कारण सरळ आहे. १९५० च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची असायची. ती पेटली की विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच सोडते, पाण्यात बुडवली तरी जळत राहते. जी जळली नाही ती पुष्कळदा चांदीसाठी धुतली गेली, कारण कृष्णधवल फिल्मचं चित्रच मुळी चांदीचं असतं. नंतरची अॅसिटेट फिल्म सहजी पेट घेत नाही, पण उष्णतेत आणि दमटपणात कुजते. डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, फिल्म आक्रसते, वाकडी होते. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा, पत्र्याखालच्या गोदामात ठेवलेल्या रिळांचं काय होत असेल ते सांगायला नको.

यातून वादाला उपयोगी पडणारा मुद्दा निघतो. जुन्या काळातले उत्तम सिनेमे लोकांनी जपले, सुमार वाहून गेले. आजचे उत्तम आणि सुमार दोन्ही मोबाइलवर समोरासमोर पडलेत. त्यामुळे 'तेव्हा सगळंच चांगलं असायचं' हे वाक्य कोणीही उच्चारलं तर त्याला तिथेच थांबवा. त्याच वेळी 'मूकपटात काही नव्हतं' म्हणणाऱ्यालाही थांबवा, कारण बहुतेक मूकपट कोणी पाहिलेलेच नाहीत.

दुसरी गोष्ट वेगाची. बोलपट सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या वेगाने चालतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म जाते आणि हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांच्या आसपास संपतं. मूकपट मात्र हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, कधी १६, कधी १८, कधी २० चौकटींनी टिपलेले. सोळाने टिपलेला सिनेमा चोवीसने चालवला की तो दीडपट वेगाने पळतो. तासाभराचा खेळ चाळीस मिनिटांत आटोपतो. माणसं टणाटण उड्या मारत चालतात, दुःखी बाई झटकन रडते आणि झटकन उठते, आणि प्रेक्षक हसतात. ते हसू मूकपटाचं नाही, चुकीच्या वेगाचं आहे. तुमचे मूकपटवाले सभासद बहुधा याच अपमानाने चिडलेले असतात. लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.७५ वर आणा, म्हणजे सेकंदाला अठरा चौकटी होतात. १९२० च्या आसपासच्या बऱ्याच मूकपटांना हा वेग जवळचा वाटतो, तरी पात्रांच्या चालण्याकडे बघून थोडा कमी-जास्त करावा लागतो. घोडा आणि पाऊस यांच्यावर नजर ठेवा, त्यांची चाल खोटी वाटली की वेग चुकलाय हे लगेच कळतं. एक अट आहे: प्रत आधीच योग्य वेगाला दुरुस्त केलेली असेल तर तिला हात लावू नका.

बोलपटातही वेगाची गडबड होते, ती कानाला कळते. जुन्या टीव्ही प्रक्षेपणासाठी आणि त्यावरून काढलेल्या सीडी-डीव्हीडीसाठी २४ चौकटींचा सिनेमा २५ ने पळवला जायचा. १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. पण आवाजाची पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी कमी, पण कळेल इतकी चढते. विष्णुपंत पागनीस 'संत तुकाराम'मध्ये स्वतः गातात. ते गाणं वर चढलेल्या पट्टीत ऐकवलंत तर आवाज पातळ, थोडा घाईत वाटतो, आणि तरुण म्हणतात, 'जुनं गाणं असंच नाकात.' तपासायची सोपी रीत आहे. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसलं तर तिथे लांबी लिहिलेली असते. फुटांत असेल तर ९० ने भागा, मीटरमध्ये असेल तर २७.४ ने. आलेली मिनिटं आणि फाइलची मिनिटं यांत शंभराला चारचा फरक दिसला तर वेग वाढलेला आहे, प्लेअरमध्ये ०.९६ ठेवा आणि पट्टी आपोआप दुरुस्त करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर वेग उतरतो, पट्टी मात्र चढलेलीच राहते. फरक चारहून बराच जास्त असेल तर वेग नाही, कात्री चाललीय.

तिसरी गोष्ट चौकटीच्या आकाराची, आणि इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. तीस-चाळीसच्या दशकातली चौकट जवळजवळ चौरस, उंची १ तर रुंदी १.३७. आजचा टीव्ही १.७८. जुनी चौकट त्यात ताणून बसवली की माणसं फुगतात. वरून-खालून कापून बसवली की चित्राचा जवळपास पाव भाग जातो, आणि नेमके जातात ते डोक्यावरचे फेटे आणि जमिनीवरचे पाय. संतपटात पाय गेले तर उरलं काय? तुमचा पडदा दहा फूट रुंद आणि साधारण साडेपाच फूट उंच असेल तर जुन्या सिनेमाचं चित्र पावणेआठ फूट रुंद पडेल. डावी-उजवीकडे चौदा-चौदा इंच पडदा मोकळा राहील. तो पांढरा सोडू नका. काळ्या मांजरपाटाच्या दोन पट्ट्या लावा, सोलापुरात कापडाला तोटा नाही. चित्राच्या कडेला गडद काळं आलं की कृष्णधवल चित्र एकदम उठून दिसतं. सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकट, असेल तर उलट, वर-खाली आठ-नऊ इंचांच्या पट्ट्या. टीव्हीवर दाखवणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. ती मधल्या चौकटी स्वतः तयार करते आणि 'सिंहासन'सुद्धा दुपारच्या मालिकेसारखं दिसायला लागतं.

आवाजाबद्दल थोडक्यात. जुना ध्वनी एकाच मार्गिकेवरचा आहे, तो पडद्याच्या मधोमध ठेवलेल्या एका स्पीकरवर सोडा. घुमवणारे, गरगर फिरवणारे सगळे परिणाम बंद. आठ हजार हर्ट्झच्या वर त्या ध्वनिपट्टीत कामाचं फारसं काही नसतं, फक्त खरखर. ट्रेबल तेवढं उतरवा, बास वाढवू नका.

आणि रंगाबद्दल, हे सत्तरच्या बाजूने सांगतो. त्या दशकातल्या ईस्टमनकलरच्या प्रिंटांतला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि तांबडा-जांभळा तेवढा उरतो. त्यामुळे त्या काळचे कित्येक रंगीत सिनेमे आज गुलाबी पाण्यात बुडवल्यासारखे दिसतात. कॅमेरामनने तसं टिपलेलं नव्हतं. 'सामना' आणि 'सिंहासन' कृष्णधवल असल्यामुळे यातून सुटले. सत्तरच्या गटाला न्याय द्यायचा तर याच दोनांतला तुकडा घ्या, गुलाबी झालेली रंगीत प्रत नको.

एवढं जुळवलं म्हणजे वेग, चौकट, आवाज, रंग या चारही बाबतीत सगळे काळ एका रेषेवर आले. आता तुकडे.

प्रत्येक काळाचं शिखर निवडू नका. शिखरं सगळ्याच काळांत असतात आणि शिखराशी शिखर भिडवलं की वाद आवडीवर येऊन थांबतो. त्याऐवजी सगळ्या काळांना एकच काम द्या आणि ते त्यांनी कसं केलं ते बघा. मी शांततेचं काम देईन. पात्र गप्प आहे, बोलत नाही, आणि तरी प्रेक्षकाला सगळं कळलं पाहिजे.

मूकपटातून १९२८ चा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' घ्या, चेहऱ्यांचे निकटदृश्य असलेला कुठलाही दहा मिनिटांचा भाग. मूकपट तेव्हा गप्प नसायचा, थिएटरात वाजंत्री असायची, पण इथे तुम्ही आवाज पूर्ण बंद ठेवून दाखवा. मग १९३७ चा 'कुंकू'. बोलपट येऊन मराठीत जेमतेम पाच वर्षं झालेली, गाण्यांशिवाय सिनेमा विकणार नाही अशी सगळ्यांची समजूत, आणि व्ही. शांताराम पार्श्वसंगीतच काढून टाकतात. सूर ऐकू येतो तो दृश्यात कोणी गात असेल किंवा ग्रामोफोन वाजत असेल तेव्हाच. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा घरात वावरते आणि त्या घराचा रितेपणा आपल्याला कानाने कळतो, कारण त्याच्यावर सारंगीची साय घातलेली नाही. मग 'सैराट'चा शेवट. गाण्यांनी सगळा महाराष्ट्र नाचवलेला सिनेमा, ज्याच्या संगीताचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत मोठा वाद्यवृंद बसवून झालं, तो शेवटी सगळा आवाज काढून घेतो. त्या जोडप्याचं मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर जातं आणि थिएटरात फक्त आपलाच श्वास ऐकू येतो. 'कुंकू' आणि 'सैराट'चे हे दोन तुकडे पाठोपाठ दाखवा. एकोणऐंशी वर्षांचं अंतर आहे आणि निर्णय एकाच जातीचा आहे. प्रभातचे आणि सैराटचे लोक तिथे एकमेकांकडे बघतील, ते बघणं मला मतदानापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एक काळजी: या तुकड्यांच्या वेळी पंखे बंद हवेत. छताचा पंखा घरघरत असेल तर 'कुंकू'तली शांतता आणि खराब ध्वनिपट्टी यांत फरक कळणार नाही. पंखे बंद ठेवता येतील असे आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीचेच दिवस, त्यातही गड्ड्याची यात्रा टाळा, होम मैदानाच्या आसपास असाल तर भोंग्यांपुढे काही ऐकू येणार नाही.

आता माझं उत्तर. कारागिरीचं माप लावलं तर जगात मूकपटाची शेवटची पाच-सहा वर्षं, म्हणजे १९२४ ते १९२९, आणि मराठीत प्रभातची १९३६ ते १९४१ ही वर्षं सगळ्यात मोठी. मी हे 'संत तुकाराम' गाजला म्हणून म्हणत नाही. त्या सहा वर्षांत एकाच कंपनीने 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माझा मुलगा', 'माणूस', 'संत ज्ञानेश्वर', 'शेजारी' काढले. त्यातला मधला, ज्याचं नाव लोक सहज घेत नाहीत तोही, नीट रचलेला आहे. काळाची उंची अशा मधल्या सिनेमावरून कळते.

याचं कारण पुण्यातल्या त्या स्टुडिओच्या रचनेत आहे. सुतार, रंगारी, शिंपी, प्रयोगशाळा, ध्वनिमुद्रण, नट, सगळे एका आवारात आणि महिन्याच्या पगारावर. दामले आणि फत्तेलाल बाबूराव पेंटरांकडे तयार झालेले. दामल्यांनी ध्वनिमुद्रण सांभाळलं, फत्तेलालांनी कलादिग्दर्शन, आणि मग दोघांनी मिळून 'संत तुकाराम'चं दिग्दर्शन केलं. म्हणजे भिंतीला कुठला रंग दिला की कृष्णधवलात ती मातीची दिसेल आणि माइक कुठे लपवला की बोलणं स्वच्छ येईल, हे दिग्दर्शकाला कोणाला विचारावं लागत नव्हतं. 'संत तुकाराम'मध्ये जिजाई आजारी पोराला घेऊन देवळात जाते आणि वहाण उगारून विठ्ठलाला जाब विचारते, तो प्रसंग बघा. ती भूमिका करणारी गौरी कंपनीत किरकोळ कामं करत वर आलेली. तिच्या चालण्यात, पदर खोचण्यात कुठेही नाटक नाही. आणि शांताराम आठवल्यांनी याच सिनेमासाठी लिहिलेलं 'आधी बीज एकले' लोकांनी तुकोबांचाच अभंग समजून गाथेत शोधलं. गीतकारापासून सुतारापर्यंत सगळ्यांचा हात एकसारखा तयार असल्याशिवाय असं घडत नाही.

तो काळ संपलाही याच कारणाने. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, महायुद्धात कच्च्या फिल्मचा तुटवडा पडून सिनेमाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा आली, म्हणजे दोन तास आणि वर दोन मिनिटं, आणि पुढे पगारी माणसांच्या जागी ठेक्यावरची माणसं आली. सत्तरच्या दशकाला ही यंत्रणा मिळालीच नाही. त्या दशकाने लेखणी दिली, राजकारण दिलं, निळू फुले आणि श्रीराम लागूंना समोरासमोर उभं केलं, पण तेव्हाचे कॅमेरे इतके घरघरायचे की जागेवरचा आवाज सहसा फेकून द्यावा लागायचा आणि नट नंतर स्टुडिओत ओठ जुळवून बोलायचे. कान देऊन ऐका, शेतात उभा असलेला माणूस खोलीत बोलल्यासारखा ऐकू येतो. 'सामना' तरीही भिडतो, हे त्या नटांचं श्रेय आहे.

पण दुसरं माप लावा: दार कोणासाठी उघडलं? मग माझं उत्तर वेगळं आहे, आणि ते २०१३ नंतरच्या बाजूने आहे. फिल्मवर शूटिंग म्हणजे चारशे फुटांचं मॅगझिन (कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा) साडेचार मिनिटांत संपणार, प्रत्येक फुटाचा पैसा, मग धुलाई, मग प्रिंट. नवशिक्या नटाला दहा वेळा चुकू देणं परवडायचं नाही, म्हणून सरावलेला नट लागायचा. सत्तरच्या दशकातल्या रंगीत फिल्मची उजेडाची संवेदनशीलता (आयएसओ) १०० च्या आसपास होती, आजचा डिजिटल कॅमेरा ८०० वर आरामात चालतो, म्हणजे आठपट कमी उजेडात. गावातला संध्याकाळचा अंधार दिवे न लावता टिपता येतो आणि कार्डावर पोराला वीस वेळा तेच करू देता येतं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे आपल्याच मुलखात कॅमेरा लावतात, अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू 'सैराट'ची नायिका आर्ची होते, आणि तिची बोली कोणी पुण्याची करून घेत नाही. यात दिग्दर्शकाची नजर मोठी आहेच, पण त्या नजरेला परवडणारं यंत्र याच काळात हाती आलं. 'सैराट' हैदराबादला जातो तेव्हा आजूबाजूला तेलुगू सुरू होतं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला तिथे पळून आलेली ती दोघं, आर्ची आणि परश्या, परक्या गावात हरवल्यासारखी वाटतात. पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरकराला तिथलं सगळं समजतं, आणि तरी त्या दोघांना समजत नाही हेही दिसतं. असा दुहेरी अनुभव देणारा मराठी सिनेमा प्रभातच्या काळात होऊ शकला नसता.

आणखी एक सुचवतो, वादात कोणी घेतलं नसेल म्हणून. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', १९४६. सिनेमा हिंदी आहे, शांतारामांनी आपल्या राजकमल कंपनीसाठी काढलेला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केलेली. पण द्वारकानाथ कोटणीस तुमच्या गावचे. प्रभातची शिस्त अंगात मुरलेला दिग्दर्शक बाहेर पडल्यावर तीच शिस्त कशी वापरतो, ते त्यात दिसतं. दोन गटांच्या मधला पूल म्हणून त्याचा दहा मिनिटांचा तुकडा ठेवा.

वेळेचं गणित असं बसतं. दहा-दहा मिनिटांचे पाच तुकडे (मूकपट, 'कुंकू', 'सैराट', 'सामना'-'सिंहासन'मधला एक आणि 'कोटणीस'), प्रत्येकानंतर दहा मिनिटं बोलणं, आणि शेवटी वीस मिनिटं मतदानाला, असे दोन तास. दोन मतपत्रिका ठेवा, एक कारागिरीची, एक दाराची. हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकून घ्या. थोरांसमोर पोरं हात वर करायला कचरतात. मंडळाचा कार्यक्रम हा जाहीर खेळ धरला जाऊ शकतो, तेव्हा हक्कधारकांची परवानगी आधी मागा, घरासाठी घेतलेली डीव्हीडी त्याला पुरत नाही. दहा फुटी पडद्याला पूर्ण अंधारात हजारभर ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, खिडक्यांतून उजेड येत असेल तर तीन हजारांचाही फिका पडतो आणि कृष्णधवलातला काळा राखाडी होतो. जानेवारीतही सातच्या आधी सुरू करू नका. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळी पाचही तुकडे एकदा चालवून बघा. 'कुंकू'चा तुकडा शेवटच्या रांगेत बसून ऐका: नीराचं बोलणं आवाज न वाढवता तिथपर्यंत आलं पाहिजे.